आवाजाची सेवानिवृत्ती

रायपूरच्या पंडरी भागातील कापड बाजारात दुपारची वेळ तशी संथच. सकाळची घाऊक खरेदी आटोपलेली असते, गाठोडी रवाना झालेली असतात आणि गादीवर बसलेल्या व्यापाऱ्याला वहीतून मान वर करण्याइतकी उसंत मिळते. ट्रान्झिस्टरच्या काळात ही उसंत क्रिकेटच्या धावत्या समालोचनाच्या वाट्याला येई. सामना इंग्लंडमध्ये असला की खेळ आपल्याकडे दुपारी साडेतीनच्या सुमारास सुरू व्हायचा, म्हणजे थेट बाजाराच्या वेळेत. गडी बाद झाल्याचा गलका कानी पडला की थान उलगडणारा हात थबकायचा. गिऱ्हाईकही त्याबद्दल तक्रार करीत नसे, कारण त्याचेही कान तिकडेच लागलेले असत. रायपूरच्या मराठी घरांतून तर या श्रवणाला दोन भाषांची जोड होती. पुण्या-मुंबईकडे दिवस काढलेल्यांना बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन ठाऊक होते, आणि छत्तीसगढच्या मातीत वाढलेल्यांना जसदेव सिंग व इंदूरचे सुशील दोशी यांची हिंदी.

या आवाजांचे चेहरे श्रोत्यांना बहुधा ठाऊक नसत. त्यामुळे असा आवाज सेवेतून निवृत्त होतो म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. बँकेत सेवानिवृत्तीचा दिवस ठरलेला असतो. शाल आणि श्रीफळ येते, सहकारी चार आठवणी सांगतात, साहेब दोन शब्द बोलतात, सत्कारमूर्तींचा कंठ दाटून येतो आणि संध्याकाळी कुटुंबीयांसह छायाचित्र निघते. खेळाडूलाही अखेरचा सामना लाभतो. समालोचकाची गोष्ट निराळी. त्याचे काम दुसऱ्याचा खेळ सांगण्याचे. स्वतःच्या निरोपासाठी त्या कामात जागाच नसते. ही जागा मागण्याचा सर्वाधिक अधिकार ज्यांना होता, त्या जॉन आर्लट यांनी ती मागितली नाही. २ सप्टेंबर १९८० या दिवशी लॉर्ड्सवर जे घडले, ते म्हणूनच आजही सांगितले जाते.

आर्लट यांचा जन्म १९१४ सालचा, इंग्लंडमधील बेसिंगस्टोक या गावचा. शिक्षण बेताचेच. काही काळ मनोरुग्णालयात कारकुनी केल्यावर १९३४ मध्ये ते साउदॅम्प्टनच्या पोलीस दलात दाखल झाले आणि अकरा-बारा वर्षे त्यांनी ती नोकरी केली. गस्त घालणारा हा शिपाई कविता लिहीत असे. त्या कवितांनीच त्यांना बीबीसीच्या दारापर्यंत पोहोचवले. पूर्वेकडील देशांसाठीच्या विभागात साहित्यविषयक कार्यक्रमांचे निर्माते म्हणून त्यांची नेमणूक झाली. याच विभागात काही वर्षांपूर्वी जॉर्ज ऑर्वेल यांनी काम केले होते.

पुढचा भाग आपल्याशी थेट निगडित आहे. १९४६ च्या उन्हाळ्यात थोरल्या पतौडींच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ इंग्लंडला गेला. महायुद्ध संपून वर्षही झाले नव्हते. भारतातील श्रोत्यांसाठी या दौऱ्याचे समालोचन करायला कोणीतरी हवे होते, आणि क्रिकेटचे वेड असलेल्या या कविता-विभागातील अधिकाऱ्याला विचारणा झाली. सुरुवातीच्या दोन सामन्यांपुरते ठरलेले काम दौरा संपेपर्यंत चालले. क्रिकेटच्या जगात पुढे अजोड ठरलेला हा आवाज पहिल्याने उमटला तो भारतीय कानांसाठी, ही बाब आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही.

त्या संघात मराठी नावांची वाण नव्हती. विजय हजारे, दत्ताराम हिंदळेकर, रंगा सोहोनी, सदू शिंदे ही नावे जुन्या वाचकांना आठवतीलच. त्यांच्यासोबत होते चंदू सरवटे. जन्म सागरचा, म्हणजे रायपूर ज्या मध्य प्रांत व वऱ्हाडात होते त्याच प्रांतातला. त्या मे महिन्यात ओव्हल मैदानावर सरे संघाविरुद्ध भारताचे नऊ गडी २०५ धावांत परतले होते. दहाव्या क्रमांकावरचे सरवटे आणि अकराव्या क्रमांकावरचे शुटे बॅनर्जी यांनी मग २४९ धावांची भागी केली. सरवटे नाबाद १२४, बॅनर्जी १२१, संघाची धावसंख्या ४५४! दहाव्या आणि अकराव्या फलंदाजाने एकाच डावात शतके झळकावण्याची प्रथम श्रेणी क्रिकेटमधील ही एकमेव घटना होय. सरवटे पुढे इंदूरचे झाले. व्यवसायाने ते बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ होते. अंगठ्याचा ठसा घेऊन खाते उघडणाऱ्या बँकेच्या वाचकांना या योगायोगाचे कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही.

आर्लट यांचे उच्चार लंडनच्या सुशिक्षित वर्गाचे नव्हते. हॅम्पशायरच्या खेड्यापाड्यातील घोळदार, जड वळण त्यांच्या बोलण्यात कायम राहिले. बीबीसीच्या त्या काळच्या शिस्तीत ते उणेच ठरायचे, पण श्रोत्यांना तेच आवडले. त्यांच्या समालोचनात घाई नसे. चेंडू टाकला जाण्यापूर्वीची शांतता, गोलंदाजाची चाल, मैदानावर उतरलेले कबुतर, आभाळाचा रंग हे सारे ते सांगत आणि मधूनच गप्प राहत. गप्प राहणे ही समालोचनातील सर्वांत अवघड गोष्ट असावी. आजच्या दूरचित्रवाणीवरील तीन-तीन समालोचकांच्या गजबजाटात ती कोठे हरवली, हे कळत नाही. (आजच्या काळाचीही एक गंमत नोंदवायला हवी. २०२३ च्या आयपीएलमध्ये मराठी समालोचन करणारे केदार जाधव हंगामाच्या मध्यावर बंगळूरच्या संघात दाखल झाले. निवृत्तीची दिशा अशी उलटीही असू शकते!)

समालोचकाने खेळाच्या सीमारेषेबाहेरचे काही पाहू नये, असे मानणारे पुष्कळ आहेत. आर्लट त्यांच्यापैकी नव्हते. १९४८-४९ च्या हिवाळ्यात ते दक्षिण आफ्रिकेत गेले होते. तेथील वर्णभेद पाहून त्यांचे मन विटले. देश सोडताना भरावयाच्या अर्जात वंश विचारणाऱ्या रकान्यात त्यांनी ‘मानव’ असे लिहिले. पुढे केपटाऊनचा बेसिल डॉलिव्हेरा नावाचा मिश्रवर्णीय क्रिकेटपटू त्यांना पत्रे लिहू लागला. स्वदेशात वरच्या दर्जाचे क्रिकेट खेळण्याची त्याला मुभा नव्हती. आर्लट यांनी खटपट करून १९६० मध्ये त्याला लँकेशायरमधील मिडलटन क्लबात हंगामाच्या ४५० पौंडांवर जागा मिळवून दिली. सहा वर्षांनी डॉलिव्हेरा इंग्लंडकडून कसोटी खेळला. १९६८ मध्ये त्याच्या निवडीवरून दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने हटवादीपणा केला आणि इंग्लंडचा दौराच रद्द झाला. १९७० मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ इंग्लंडला येऊ घातला तेव्हा त्या सामन्यांचे समालोचन आपण करणार नाही, असे आर्लट यांनी जाहीर केले. ज्याची उपजीविकाच आवाजावर, त्याने तो आवाज रोखून धरण्याची तयारी दाखवली. अखेर तो दौराही झाला नाही.

निरोप म्हणजे काय, हे आर्लट यांनी फार जवळून पाहिले होते. १४ ऑगस्ट १९४८ रोजी ओव्हलवर डॉन ब्रॅडमन कसोटीतील अखेरच्या डावासाठी उतरले. प्रेक्षक उभे राहिले. इंग्लंडचे कर्णधार नॉर्मन यार्डली यांनी खेळाडूंकडून तीनदा जयघोष करवला. कसोटीतील सरासरी शंभर होण्यास केवळ चार धावा हव्या होत्या. एरिक हॉलिस यांच्या दुसऱ्याच चेंडूवर ब्रॅडमन शून्यावर त्रिफळाचीत झाले आणि सरासरी ९९.९४ वर थांबली. त्या क्षणी ध्वनिक्षेपकासमोर आर्लट होते. एवढा निरोप डोळ्यांसमोर असताना माणसाला चेंडू नीट दिसत तरी असेल का, अशा आशयाची शंका त्यांनी तेथल्या तेथे बोलून दाखवली. बत्तीस वर्षांनी स्वतःची वेळ आली तेव्हा त्यांनी जे केले, त्याचे बीज या क्षणात असावे असे मानण्याचा मोह होतो.

१९८० च्या हंगामानंतर आपण थांबणार, हे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. वय ६६. घरगुती दुःखेही होती. थोरला मुलगा मोटार अपघातात गेल्यापासून ते कायम काळा टाय बांधत. निवृत्तीनंतर राहण्यासाठी त्यांनी इंग्लिश खाडीतील ऑल्डर्नी हे चिमुकले बेट निवडले होते. तेथेच डिसेंबर १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले.

अखेरची कसोटीही साधी नव्हती. इंग्लंडच्या भूमीवर झालेल्या पहिल्या कसोटीला शंभर वर्षे पूर्ण झाली म्हणून लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध हा खास सामना भरवला होता. पावसाने बराच खेळ वाया गेला. शेवटच्या दिवशी इंग्लंडची दुसरी खेळी चालू असताना आर्लट यांची पाळी आली. समालोचकांच्या पाळ्या साधारण वीस मिनिटांच्या असत. कक्षातील प्रत्येकाला ठाऊक होते की कसोटीतील त्यांची ही शेवटची पाळी. रेडिओ लावून बसलेल्या श्रोत्यांनाही ठाऊक होते. चौतीस वर्षांच्या प्रवासानंतर हा कविमनाचा माणूस आता काय बोलतो, याकडे सर्वांचे कान होते.

षटक संपले. आर्लट यांनी बॉयकॉट आणि गॉवर यांच्या धावा सांगितल्या, २ बाद ६९ ही धावसंख्या सांगितली आणि ट्रेव्हर बेली यांच्यानंतर ख्रिस्तोफर मार्टिन-जेन्किन्स समालोचन करतील, एवढे नित्याचे वाक्य उच्चारून ते थांबले. आभार मानले नाहीत, आठवणी काढल्या नाहीत. रोज पाळी बदलताना जे सांगायचे, तेच त्या दिवशीही सांगितले. काउंटरवरील रोखपालाने शेवटच्या दिवशीही रोकड मोजून, वही जुळवून, किल्ल्या पुढच्या माणसाच्या हाती द्याव्यात, तसे.

क्षणभर कोणाला काही सुचेना. मग कक्षातील सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. थोड्या वेळाने मैदानावरील ध्वनिवर्धकावरून त्यांच्या निवृत्तीची घोषणा झाली आणि लॉर्ड्सचे प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. ऑस्ट्रेलियाचे क्षेत्ररक्षकही थांबून त्यांत सामील झाले. जेफ्री बॉयकॉट त्या डावात पुढे नाबाद १२८ पर्यंत पोहोचले. वाहवा करण्यात तसा हात आखडता घेणारा हा फलंदाज. पण त्यानेही हातमोजा काढला, समालोचन कक्षाच्या दिशेने पाहत टाळ्या वाजवल्या, मग हातमोजा पुन्हा चढवला आणि पुढच्या चेंडूसाठी तो उभा राहिला.