सरासरी चांगली, तरी गिऱ्हाईक का खोळंबतं?

ऑनलाइन दुकानाच्या एपीआयचा वेग मोजायचा म्हटलं की आपण आधी सरासरी बघतो. फसगत इथेच होते. समजा, 100 रिक्वेस्ट आल्या. 98 रिक्वेस्टना 100 मिलिसेकंदांत उत्तर मिळालं, दोनांना मात्र 10 सेकंद लागले. सरासरी निघते 298 मिलिसेकंद. डॅशबोर्ड हिरवागार! आणि त्या दोन नेमक्या पैसे भरण्याच्या असल्या, तर? गिऱ्हाईक बटण पुन्हा दाबतं, नाहीतर निघून जातं.

म्हणून आपण पी99 बघायचा, म्हणजे 100 पैकी 99 रिक्वेस्ट जेवढ्या वेळात उरकतात ती वेळ. इथे तो थेट 10 सेकंद दाखवेल. आता कुणी म्हणेल, उरलेल्या एका टक्क्याचं काय एवढं? पण एकाच पानासाठी किंमत, साठा, सवलत, डिलिव्हरी अशा 20 रिक्वेस्ट जात असतील आणि त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असं धरलं, तर निदान एक तरी त्या टक्क्यात सापडण्याची शक्यता सुमारे 18 टक्के होते. पाच पानांमागे जवळजवळ एक पान!

आणखी एक. पाच सर्व्हरच्या पी99ची सरासरी काढू नका, त्या आकड्याला अर्थ नसतो. प्रत्येक सर्व्हरने 100 मिलिसेकंदांच्या आत किती, 300च्या आत किती, अशी मोजणी पाठवावी. आपण ती बेरीज करून पी99चा अंदाज काढायचा. शोध आणि चेकआउट वेगळे मोजायचे, हे तर आलंच. फसलेल्या रिक्वेस्टही वेगळ्या ठेवा, कारण झटकन आलेली एरर वेगाचे आकडे उगाच देखणे करते.