ओल्या हवेत कोरडा राहणारा कुत्रा

जून संपत आला की ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये एक ठरावीक वास मुक्कामाला येतो. सकाळी फिरून आलेला लॅब्रॅडॉर सातव्या मजल्यावर उतरून गेलेला असतो, पण त्याची वर्दी दहाव्या मजल्यापर्यंत पोचते. इथली हवाच तशी आहे. माजिवड्याहून गायमुखकडे निघालं की एका हाताला येऊरचे डोंगर आणि राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, दुसऱ्या हाताला खाडी. पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. बाल्कनीत घातलेली चादर दोन-दोन दिवस वाळत नाही. अशा घरात कुत्रा आणायचा विषय निघाला की मुलं रंग आणि नाव ठरवत बसतात आणि आई किंवा आजी नेमका मुद्द्याचा प्रश्न विचारते: वास कमी मारेल अशी जात कुठली?

या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते फार सुंदर आहे. त्यासाठी आधी कुत्र्याच्या कातडीवर नक्की काय चाललेलं असतं ते पाहायला हवं.

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. अंग थंड ठेवणाऱ्या पाणीदार घामाच्या ग्रंथी त्याच्या पंजांच्या गाद्यांमध्ये असतात. बाकी सगळ्या अंगावर केसांच्या मुळाशी दोन वेगळ्या ग्रंथी असतात. एक तेल सोडते. दुसरी एक दाटसर स्राव सोडते, ज्याचा उपयोग अंग थंड करण्यापेक्षा ओळख पटवण्यासाठी जास्त होतो. नवलाची गोष्ट ही की हे दोन्ही स्राव ताजे असताना त्यांना फारसा वास नसतो. वास तयार करतात ते कातडीवर राहणारे जिवाणू आणि यीस्ट. ते तेलातली स्निग्धाम्लं आणि स्रावातली प्रथिनं खातात, आणि त्या जेवणातून जे उरतं ते हवेत उडतं. म्हणजे आपल्याला कुत्र्याचा म्हणून जो वास येतो, तो खरं तर कुत्र्यावर वस्ती करून असलेल्या लाखो सूक्ष्म जीवांचा असतो. निरोगी कुत्र्याच्या पंजांना भाजलेल्या मक्यासारखा जो मंद वास येतो, तोही गाद्यांमधल्या ओलाव्यावर जगणाऱ्या जिवाणूंचाच.

या वस्तीतला एक रहिवासी लक्षात ठेवण्यासारखा आहे. मॅलॅसेझिया पॅकिडर्मॅटिस नावाचं हे यीस्ट जवळजवळ प्रत्येक कुत्र्याच्या कानात आणि कातडीवर थोड्या प्रमाणात असतं. शास्त्रज्ञांनी त्याची पहिली नोंद 1925 साली केली, ती मात्र कुत्र्यावर नव्हे, तर कातडीचा आजार झालेल्या एका भारतीय गेंड्यावर. या यीस्टला तेल, ऊब आणि ओल या तीन गोष्टी मिळाल्या की ते भराभर वाढतं, आणि मग तो आंबूस, कुबट वास सुटतो जो आंघोळीनंतर दोन दिवसांत परत येतो. तेल कुत्र्याकडे असतं. ऊब आणि ओल ठाण्याची हवा पुरवते.

आता लिफ्टमधल्या वासाकडे येऊ. कोरड्या केसांवर ही सगळी संयुगं चिकटून बसलेली असतात. केस भिजले की पाणी त्यांना सुटं करतं, आणि पाणी वाफ होऊन उडू लागलं की ती त्याच्यासोबत हवेत जातात. ओल्या कुत्र्याच्या केसांवरची हवा प्रयोगशाळेत तपासली तर तिच्यात बेंझाल्डिहाइड सापडतं, ज्याला बदामाचा वास असतो. फिनॉल सापडतं, जे जुन्या जंतुनाशकांच्या वासात असायचं. पॅरा-क्रेसॉल सापडतं, जे गोठ्याच्या वासातही असतं. एकेकटे हे वास ओळखीचे आहेत, काही तर आवडीचेही. एकत्र आले की त्यातून ओल्या कुत्र्याचा वास घडतो.

म्हणून जातीचा प्रश्न मुख्यतः असा विचारायला हवा: या कुत्र्याच्या अंगावर तेल किती, ओल किती वेळ टिकते, आणि ती ओल लपून बसायला जागा किती?

लॅब्रॅडॉरपासून सुरुवात करू, कारण घोडबंदर रोडच्या कुठल्याही मोठ्या संकुलात संध्याकाळी तो हमखास दिसतो. याचे पूर्वज कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांकडे कामाला होते. अटलांटिकच्या गोठवणाऱ्या पाण्यात उडी मारून दोर आणि निसटलेले मासे आणायचे, हे त्यांचं काम. त्या पाण्यात टिकण्यासाठी त्यांना दुहेरी केस मिळाले. वरचे राठ आणि तेलकट, खालचे मऊ आणि दाट. तेलामुळे पाणी कातडीपर्यंत पोचत नाही आणि खालच्या थरात ऊब धरून राहते. न्यूफाउंडलंडमध्ये हे वरदान आहे. इथल्या कासारवडवलीच्या जुलैमध्ये हाच खालचा थर तासन्‌तास दमट राहतो. कुत्रा अंग झाडतो तेव्हा काही सेकंदांत अंगावरचं सुमारे 70 टक्के पाणी उडवतो, हे मोजून पाहिलेलं आहे आणि ते थक्क करणारं आहे. उरलेलं तीस टक्के पाणी मात्र हवेनं ओढून घ्यावं लागतं, आणि इथली हवा आधीच भरलेली असते. लॅब्रॅडॉर प्रेमळ आहे, हुशार आहे, पण कमी वासाचा शोध घेणाऱ्या घरासाठी तो नाही.

कानांचा हिशेब वेगळा. लोंबता कान म्हणजे झाकलेला, उबदार, ओला बोगदा. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजनं 2021 साली ब्रिटनमधल्या कुत्र्यांच्या दवाखान्यांतल्या नोंदी तपासल्या. तेव्हा उभ्या कानांच्या जातींपेक्षा लोंबत्या कानांच्या जातींमध्ये कानाच्या जळजळीचं प्रमाण पावणेदोन पटींहून जास्त निघालं. मिश्र जातीच्या कुत्र्यांशी तुलना केली तर बीगलमध्ये ते सुमारे अडीच पट आणि गोल्डन रिट्रीव्हरमध्ये दुपटीहून जास्त होतं. ही आकडेवारी ब्रिटनच्या थंड हवेतली आहे, हे ध्यानात घ्या.

चेहऱ्याची तिसरी गोष्ट. पग आणि बुलडॉग यांच्या नाकाशेजारच्या घड्यांमध्ये अश्रू, लाळ आणि अन्नाचे कण साठतात. त्या घड्या रोज पुसून कोरड्या केल्या नाहीत तर तिथे वास सुटतो आणि पुढे जखम होते. चपट्या तोंडात दातही दाटीवाटीनं बसतात. त्यामुळे कीटण लवकर धरतं आणि श्वासाला वास येतो. शेपटीखाली, गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, प्रत्येक कुत्र्याला दोन छोट्या पिशव्या असतात. त्यांतल्या स्रावाला माशासारखा उग्र वास येतो. त्या तुंबण्याचा त्रासही लांब तोंडाच्या कुत्र्यांपेक्षा चपट्या तोंडाच्या कुत्र्यांमध्ये जास्त आढळतो.

इथे फ्लॅटमधल्या लाडक्या शिट्झूचं कोडं सुटतं. छोटा, केस न गाळणारा, म्हणून तो कमी वासाचा समजून घरी येतो. केस फारसे गळत नाहीत हे खरंच. पण कान लोंबते, तोंड चपटं, डोळे सतत पाणावलेले, आणि मॅलॅसेझियाचा त्रास होणाऱ्या जातींच्या यादीत त्याचं नाव ठळक. नियमित ग्रूमिंग, कानांची सफाई आणि तोंड पुसणं जमत असेल तर तो स्वच्छ राहतो. ते सुटलं तर पंधरवड्यात घराला कळतं.

पूडलचं मात्र कौतुक करायला हवं. त्याला खालचा दाट थर नसल्यातच जमा आहे, केस फारसे गळत नाहीत, आपल्या डोक्यावरच्या केसांसारखे वाढत राहतात. 2009 साली शास्त्रज्ञांनी ऐंशी जातींचे हजाराहून जास्त कुत्रे तपासले तेव्हा असं दिसलं की जगभरच्या कुत्र्यांच्या केसांची बहुतेक सगळी विविधता अवघ्या तीन जनुकांच्या अदलाबदलीतून येते. एक जनुक केस लांब करतं, एक कुरळे करतं, एक दाढीमिशा देतं. पूडलच्या वाट्याला तिन्ही आली. वास खरोखर कमी, पण दर दीड महिन्याला कातरी लागते, आणि कान तेवढे लोंबतेच. सायबेरियन हस्कीही कमी वासाचा म्हणून ओळखला जातो. मात्र ती ख्याती कोरड्या थंडीतली आहे. ठाण्यात एसीच्या खोलीबाहेर त्याचे हाल होतात, आणि वास टाळण्यासाठी कुणाचे हाल करणं योग्य नाही.

वासाचं हे गणित उलट सोडवलं तर कुत्रा कसा दिसायला हवा? आखूड, एकेरी, अंगालगत बसलेले केस. उभे, उघडे कान. लांब तोंड, घड्या नसलेली ताणलेली कातडी. मध्य आफ्रिकेतल्या काँगोच्या जंगलातला बसेंजी बराचसा असाच आहे. तो जवळजवळ भुंकत नाही, स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतो, आणि जगभरच्या याद्यांमध्ये कमी वासाच्या जातींत तो वरच्या स्थानावर असतो. पण त्याच्यासाठी काँगोला जायची गरज नाही. हे वर्णन वाचून सोसायटीच्या गेटवर वॉचमनच्या खुर्चीशेजारी झोपलेला कुत्रा पाहा. केस आखूड आणि अंगालगत. कान उभे. तोंड लांब. कातडी ताणलेली.

आपला गावठी कुत्रा, ज्याला आता शहरात प्रेमानं इंडी म्हणतात, तो कुणी ठरवून घडवलेला नाही. हजारो वर्षं या उष्ण, पावसाळी भूमीत जो टिकला तो उरला. ज्याच्या कानात ओल साचली, ज्याची कातडी किडली, तो मागे पडला. डब्ल्यू. व्ही. सोमण यांनी 1963 साली भारतीय कुत्र्यांवर पुस्तक लिहिलं. अलीकडच्या काळात राजश्री खळप यांनी इंडॉग प्रोजेक्टच्या माध्यमातून या देशी कुत्र्याची एक स्वतंत्र, प्राचीन प्रकार म्हणून ओळख करून दिली. अंगाला वास जवळजवळ नसणं हे या कुत्र्याचं एक वैशिष्ट्य म्हणून सांगितलं जातं, आणि कातडीचं शास्त्र वाचल्यावर त्यात आश्चर्य उरत नाही. रस्त्यावरून घरी आणलेल्या पिल्लाला सुरुवातीला वास येतो तो खरूज, गोचिडी, जंत आणि कचऱ्यातल्या खाण्याचा. व्हेटचे उपचार आणि नीट आहार मिळाला की काही आठवड्यांत तो जातो, आणि खाली उरतं ते अगदी कोरडं, स्वच्छ अंग.

दख्खनच्या पठारावर याच गुणांचा एक राजबिंडा कुत्राही आहे. सोलापूर, लातूर, सांगलीकडचे लोक त्याला कारवानी म्हणतात, सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यात तो मुधोळ हाउंड म्हणून ओळखला जातो. मुधोळच्या घोरपडे राजांनी त्याला नावारूपाला आणलं. टपाल खात्यानं 2005 साली देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यांत तो होता. अंगावर चरबी नाही, मखमली आखूड केस, वास नगण्य. पण सुमारे 70 सेंटीमीटर उंचीचा हा शिकारी धावण्यासाठी जन्मलेला आहे. मोकळ्या माळाची सवय रक्तात असलेल्या या कुत्र्याला दोन खोल्यांच्या घरात ठेवायचं तर रोज त्याला पळवणारं कुणीतरी घरात हवं.

कमी वासाचा कुत्रा आणला म्हणजे त्याला रोज साबण लावायचा, असंही नाही. कुत्र्याची कातडी माणसापेक्षा पातळ आणि कमी आम्लधर्मी असते. आपला शाम्पू तिला मानवत नाही, आणि फार आंघोळींनी तिचं संरक्षक तेल निघून जाऊन कातडी चिडते, मग सूक्ष्म जीवांचं आणखी फावतं. पावसाळ्यात आंघोळीपेक्षा टॉवेल मोठा. फिरून आल्यावर पंजांच्या बेचक्या, काखा आणि कान कोरडे पुसणं, आठवड्यातून दोनदा ब्रश, कुत्र्याच्या टूथपेस्टनं दात, आणि त्याचं अंथरूण दर आठवड्याला धुणं. घरातला बराचसा वास अंथरुणात असतो. आणि एरवी वास नसलेल्या कुत्र्याला अचानक वास येऊ लागला तर अत्तर फवारू नका, त्याला दवाखान्यात न्या. कानाचा आंबूस वास संसर्ग सांगतो, श्वासाला लघवीसारखा वास मूत्रपिंडाचा बिघाड सांगू शकतो, गोडसर वास मधुमेह. वास कमी असलेल्या कुत्र्याचा हा मोठा फायदा आहे. बदल लगेच कळतो.

तरीही पूर्ण बिनवासाचा कुत्रा जगात नाही, आणि असूही नये. 2000 साली बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या डेबोरा वेल्स आणि पीटर हेपर यांनी कुत्रा पाळणाऱ्यांना दोन पांघरुणं हुंगायला दिली. एकाला त्यांच्या स्वतःच्या कुत्र्याचा वास होता, दुसऱ्याला अनोळखी कुत्र्याचा. दहातल्या जवळजवळ नऊ जणांनी आपला कुत्रा बरोबर ओळखला. म्हणजे तुमच्या घरातला थोडासा वास तुमच्या नकळत तुमच्या ओळखीचा होतो.

म्हणून कुत्रा निवडताना जातीच्या नावाआधी चार गोष्टी पाहा: केस एकेरी आहेत का, कान उघडे आहेत का, तोंड लांब आहे का, कातडी सपाट आहे का. मग त्या प्रकारचा मोठा झालेला कुत्रा पावसाच्या दिवशी त्याच्या घरी जाऊन भेटा, मानेजवळ आणि कानाजवळ नाक नेऊन पाहा. खरेदीचे पैसे मोजण्याआधी एकदा दत्तक देणाऱ्या संस्थेतल्या एखाद्या इंडीलाही असंच भेटा. घोडबंदरच्या हवेची परीक्षा त्याच्या पूर्वजांनी कधीच दिलेली आहे.