प्रसूतीतील छेद : प्रश्न कोनाचा
पहिलटकरणीला बाळंतपणात ‘एपिसिऑटॉमी’चा छेद द्यावाच, म्हणजे मोठी फाट टळते, असा समज दीर्घकाळ रूढ होता. अर्जेंटिनातील १९९३ च्या चाचणीत तो खरा ठरला नाही. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही सरसकट छेद देऊ नये, असे सुचविले.

छेद अटळच असेल, तर कोन महत्त्वाचा. बाळाचे डोके योनिमुखाशी येते तेव्हा तेथील त्वचा ताणलेली असते. त्या वेळी मध्यरेषेपासून ६० अंशांवर दिलेला छेद प्रसूतीनंतर सुमारे ४५ अंशांवर येतो. सरळ खाली दिलेला छेद मात्र गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत फाटत जाण्याची भीती अधिक. मग शौचावरचे नियंत्रण सुटण्याचे दुःख अनेकजणी संकोचापोटी मुकाट्याने सोसतात. कळा देताना तेथे कोमट ओल्या कापडाचा शेक दिल्यास अशी गंभीर फाट कमी होते. हा साधा उपाय प्रसूतिगृहात आवर्जून विचारावा.