संकटकाळ आणि ईश्वराच्या चांगुलपणावरील भरवसा : मराठी ख्रिस्ती परंपरेच्या संदर्भात

प्रास्ताविक

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील करजगाव हे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे जन्मगाव. १८६१ मध्ये येथे जन्मलेल्या या कवीने १८९५ मध्ये मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून पाठ्यपुस्तकांतून टिळकांची ओळख सर्वांना असते. परंतु त्यांच्या आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या जीवनात वारंवार उभा राहिलेला एक प्रश्न मात्र अभ्यासकांकडून काहीसा दुर्लक्षित राहिला आहे. ईश्वर जर चांगला आहे, तर त्याच्यावर विसंबणाऱ्या माणसाच्या वाट्याला भूक, वियोग आणि मृत्यू का यावेत? प्रस्तुत लेखात या प्रश्नाकडे मराठी ख्रिस्ती अनुभवाच्या अंगाने पाहिले आहे.

विश्वास आणि भरवसा

मराठी बायबलमध्ये ‘विश्वास’ आणि ‘भरवसा’ हे दोन्ही शब्द येतात. व्यवहारात त्यांच्या अर्थच्छटा थोड्या वेगळ्या आहेत. विश्वास एखाद्या विधानावरही ठेवता येतो. भरवसा मात्र बहुधा कोणावर तरी असतो. कोकणातला शेतकरी ‘पावसाचा भरवसा नाही’ असे म्हणतो, तेव्हा तो जणू पावसालाही एक स्वभाव असलेली व्यक्ती मानतो. ‘ईश्वर चांगला आहे’ हे विधान मान्य करणे ही एक गोष्ट, आणि घरात मृत्यू झालेला असताना त्या ईश्वराशी बोलत राहणे ही दुसरी.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाने प्रामुख्याने पहिल्या गोष्टीचा विचार केला. लाइबनिझने १७१० मध्ये ईश्वराच्या न्यायाचे समर्थन करणारा ग्रंथ लिहिला. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. उपासनेसाठी चर्चमध्ये जमलेली माणसेच ढिगाऱ्याखाली सापडली. त्यानंतर व्हॉल्तेरने ‘कांदीद’मध्ये (१७५९) या आशावादी तत्त्वज्ञानाची यथेच्छ खिल्ली उडवली. ती बऱ्याच अंशी न्याय्यही होती.

बायबलमधील तक्रार

बायबलचा स्वतःचा मार्ग मात्र समर्थनाचा नाही. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. तेराव्या स्तोत्राची सुरुवातच ‘हे कुठवर चालायचे’ अशा आशयाच्या प्रश्नाने होते आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. त्याला सांत्वनाचा शेवट नाही. वधस्तंभावरील येशूच्या मुखी जो आक्रोश आहे, तो बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ होय. ईयोबाच्या ग्रंथात त्याचे मित्र देवाची बाजू घेतात, दुःखाची कारणे सांगतात. ईयोब मात्र देवाशी भांडतो. अखेरीस देवाचा ठपका येतो तो मित्रांवर, ईयोबावर नाही. दुःखिताला उपदेश करण्याची सवय असलेल्या प्रत्येकाने, अध्यापकवर्गानेही, हा निवाडा ध्यानी घेण्याजोगा आहे. ‘ही देवाचीच इच्छा’ हे वाक्य शोकाकुल माणसाचे सांत्वन क्वचितच करते. बहुधा ते त्याचे तोंड बंद करते.

मराठी मनाला देवाशी असे भांडणे अपरिचित नाही. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात पत्नी आणि पुत्र गमावलेल्या तुकोबांनी विठ्ठलाशी वाद घातला, रुसवाही धरला. पण विठ्ठलाला सोडले नाही. आपण तुकोबांच्या मार्गाने ख्रिस्तापर्यंत आलो, अशी टिळकांची भावना होती. ती केवळ काव्यशैलीपुरती मर्यादित नाही. तक्रार करण्याचा हक्क हा भक्तीचाच भाग आहे, ही जाणीव त्यांना वारकरी परंपरेतून मिळाली असे म्हणण्यास जागा आहे.

पंडिता रमाबाई : हिशेबाकडून भरवशाकडे

या प्रश्नाचे सर्वांत कठोर रूप पंडिता रमाबाईंच्या चरित्रात दिसते. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि मोठी बहीण यांचा मृत्यू झाला. व्रते, दाने व तीर्थयात्रा यांत या कुटुंबाने जवळचे सर्व काही खर्ची घातले होते. देव प्रसन्न होईल अशी अपेक्षा होती. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. तथापि दीक्षेने प्रश्न तत्काळ सुटले नाहीत. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे की, धर्म स्वीकारूनही अंतरीचे समाधान लाभण्यास पुढे काही वर्षे जावी लागली. पूर्वीचा भाव हा एक प्रकारचा हिशेब होता : इतके दिले, तर इतके मिळेल. तो हिशेब ख्रिस्ती माणसाच्या मनातही सहज शिरतो. प्रार्थना केली म्हणून आजार बरा होईल, ही अपेक्षा त्याहून फारशी वेगळी नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुलींना केडगावला घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळानंतर ‘मुक्ति’मधील मुली व स्त्रियांची संख्या हजारावर गेली. आपल्या बहिणीला वाचवणारे कोणी का आले नाही, याचे उत्तर त्यांच्या लेखनात मिळत नाही. दुसऱ्यांच्या बहिणींपर्यंत त्या स्वतः पोहोचल्या, एवढेच दिसते.

येथे एक आक्षेप टाळता येत नाही. १८९३ मध्ये शारदा सदनातील धर्मविषयक वातावरणावरून पुण्यातील सल्लागारांनी राजीनामे दिले होते. भुकेल्या मुलीने अन्न देणाऱ्याच्या देवावर ठेवलेला भरवसा कितपत मुक्त असतो, ही शंका रास्त आहे, आणि रमाबाईंच्या थोरवीने तिचे निरसन होत नाही.

टिळक दांपत्य

लक्ष्मीबाईंचा मार्ग निराळा होता. पतीच्या धर्मांतराचा धक्का त्यांना असह्य झाला. सुमारे पाच वर्षे दोघे विभक्त राहिले. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला, तो कोणाच्या युक्तिवादाने पटून नव्हे. जातिभेद देवाने केला की माणसाने, असा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला आणि उत्तर मिळताच सोवळे सोडले. म्हणजे देवाच्या चांगुलपणाचा शोध त्यांनी घरगुती तर्काने घेतला : ज्याने सर्वांना निर्माण केले, तो असा दुजाभाव करणार नाही. दुष्काळात निराधार झालेली मुले त्यांनी राहुरीच्या घरी सांभाळली. ‘स्मृतिचित्रे’मध्ये हाल आहेत, पैशाची चणचण आहे, टिळकांच्या विक्षिप्तपणाच्या कहाण्या आहेत, आणि या सर्वांवर हसणारी एक बाई आहे. ते हसू दुःख नाकारत नाही. मराठी आत्मचरित्रांत ते दुर्मीळ आहे.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. येशूचे चरित्र ओवीबद्ध करण्यासाठी त्यांनी हाती घेतलेले ‘ख्रिस्तायन’ सुरुवातीच्या अध्यायांतच थांबले होते. फारसे शालेय शिक्षण न झालेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. ग्रंथाचा बहुतेक भाग त्यांचाच आहे. येशूच्या जन्माची कथा टिळकांच्या हातून लिहून झाली होती. वधस्तंभाचा प्रसंग लिहिण्याचे काम त्यांच्या विधवेकडे आले.