कामट्या, खळ आणि कंदील

घरी आकाशकंदील करण्याचा बेत दसऱ्याला जाहीर होतो आणि बहुधा धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री अमलात येतो. मधल्या दिवसांत घरात दोन पक्ष पडलेले असतात. एक पक्ष म्हणतो, "बाजारात हवा तसला कंदील मिळतो, मग घरभर कागदाचे कपटे कशाला?" दुसरा म्हणतो, "घरच्या कंदिलाची सर विकतच्याला नाही." गंमत अशी, की दोन्ही पक्षांचे म्हणणे खरे असते.

आधी पहिल्या पक्षाला न्याय देऊ. दिवाळीच्या तोंडावर मुंबईत माहीमच्या कंदील गल्लीतून एक चक्कर मारावी. कारागिरांचे बसलेले हात, नीट ताणलेला कागद, रेषेत चिकटवलेल्या झिरमिळ्या! तसली सफाई वर्षातून एकदा कात्री धरणाऱ्याला कोठून यायची? काटकसरीचा मुद्दाही फारसा टिकत नाही. कागदाचा अख्खा ताव घ्यावा लागतो, लागतो अर्धाच. उरलेला "पुढच्या वर्षी होईल" म्हणून गुंडाळून ठेवायचा, आणि पुढच्या वर्षी तो कुठे ठेवला हे कोणालाच आठवत नाही.

शिवाय हे काम दिसते तितके सोपे नाही. आपला जुना, ओळखीचा कंदील घ्या. त्याचा सांगाडा म्हणजे कामट्यांचे सहा चौकोन. एक वर, एक खाली आणि चार बाजूंना, टोकावर उभे केलेले. कोपऱ्याला कोपरा बांधत गेले, की मधल्या जागांत आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. काड्या चोवीस, सांधे बारा. कागदावर हा हिशेब किती सरळ! पण चोवीसांतली एक काडी अर्ध्या बोटाने लांब निघाली, की सारा सांगाडा तोंड वाकडे करून बसतो. ती काडी कोणती, हे शोधण्यात एक संध्याकाळ जाते. कामटी तासताना बोटात कूस शिरते. खळ पातळ झाली तर पतंगाचा कागद फाटतो, घट्ट झाली तर गुठळ्या दिसतात. आणि सारे जमून कंदील वर चढला, की लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अवेळी पावसाची सर यायचीच!

मग माणसे हा उपद्व्याप का करतात? ज्याने एकदा केला आहे, त्याला विचारा. शेवटची गाठ मारताच इतका वेळ लुळा पडणारा सांगाडा एकाएकी ताठ उभा राहतो. ओला असताना ढिला दिसणारा कागद वाळता वाळता ताणला जातो आणि टिचकी मारली, की टणटण वाजतो. दिवा लागला, की रात्रभर डोळ्यांसमोर असलेल्या त्याच कागदाचा रंग अगदी निराळा दिसतो. हे सुख पाहणाऱ्याचे नाही, करणाऱ्याचे आहे. पाहणाऱ्याला फक्त कंदील दिसतो. करणाऱ्याला त्यातला प्रत्येक सांधा ओळखू येतो.

अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी २०१२ साली याच गोष्टीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी हौशी माणसांकडून कागदाच्या घड्या घालून बेडूक आणि करकोचे करवून घेतले. इतरांच्या लेखी त्या वस्तूंना फारशी किंमत नव्हती. करणाऱ्यांनी मात्र त्यांना जवळजवळ तज्ज्ञांच्या घडीकामाइतके मोल दिले. याच संशोधनात दुसरीही गोष्ट दिसली. काम अर्धवट राहिले किंवा केलेले मोडून टाकले, की हा जिव्हाळाही ओसरतो. घरोघरच्या माळ्यांवर पडलेले अर्धे स्वेटर आणि एकच फूल भरलेले टेबलक्लॉथ याची साक्ष देतील. छंदातली खरी बोच वाकडेपणाची नसते; अपुरेपणाची असते.

म्हणूनच या प्रकरणात एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो: घरी केलेला कंदील नक्की कोणी केलेला असतो? पुष्कळ घरांत बेत मुलांचा असतो. पण पहिली गाठ सैल बसली, की वडील पुढे सरसावतात. "तू राहू दे, मी करतो. तू फक्त दोरा धर." तासाभरात मुलाकडे खळीची वाटी धरण्याचे काम उरते आणि त्यानंतर जांभया. कंदील सुरेख होतो, शेजारी वाखाणतात, आणि मुलाचा त्यात एकही सांधा नसतो.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) शिक्षणात कार्यानुभवाचा आग्रह धरला, तो मुलांचे हात कामाला लागावेत म्हणून. शाळांतून तो विषय आला. पण मुलांच्या नावावर जमा झालेल्या वस्तूंपैकी किती आयांनी रात्री जागून केल्या, हे त्या आयांनाच विचारावे! त्यांचाही हेतू वाईट नसतो. चारचौघांत आपल्या मुलाचे काम वेडेवाकडे दिसू नये, एवढेच त्यांना वाटते. पण त्या मायेपोटी मुलाच्या हाती तयार वस्तू येते आणि ती करण्यातला आनंद निसटतो.

तेव्हा यंदा घरात कंदिलाचा बेत निघालाच, तर मोठ्यांनी सुरी आणि विजेचे काम तेवढे आपल्याकडे ठेवावे. बाकीचे मुलांवर सोपवावे. काड्या त्यांनी मोजाव्यात, चुकली तर त्यांनीच सोडून पुन्हा बांधावी. आकार लहान घ्यावा, म्हणजे काम तडीस जाईल. आणि तयार झालेला कंदील, एका कुशीवर कलला असला तरी, खिडकीत आतल्या बाजूला नव्हे तर रस्त्यावरून दिसेल असा लावावा. येणारेजाणारे एकदा हसतील आणि पुढे जातील. मुलगा मात्र रोज संध्याकाळी खाली उतरून मान वर करून पाहील.

तुळशीच्या लग्नानंतर कंदील उतरवाल, तेव्हा कागद काढून टाका, पण सांगाडा टाकू नका. बांधणी पक्की असेल तर त्याच चोवीस काड्या पुढच्या दिवाळीला नवा कागद अंगावर घेतील. आणि कोणता सांधा जरा सैल आहे, हे सांगायला घरात एक जाणकार तयार असेल.