नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस

जन्म : 16 नोव्हेंबर 1921, पळसगाव, माणगाव तालुका (आजचा रायगड जिल्हा). पलटण : 5 वी मराठा लाइट इन्फंट्री, तिसरी बटालियन.

10 जुलै 1944. इटलीतील टायबर नदीचे वरचे खोरे. जवळूनच सुटलेल्या मशीनगनच्या माऱ्यात घाडगेंच्या तुकडीतले सगळे ठार किंवा जखमी झाले. उभे उरले एकटे घाडगे. त्यांनी थेट शत्रूच्या ठाण्यावर धाव घेतली. हातबॉम्बने मशीनगन बंद पाडली, टॉमीगनने एकाला टिपले. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केले. लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून त्याच जिंकलेल्या ठाण्यात ते पडले. वय अवघे 22.

इटलीच्या मोहिमेत दिलेल्या 20 व्हिक्टोरिया क्रॉसपैकी 6 भारतीय सैनिकांचे. त्यातला एक हा, मरणोत्तर. कबर नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेले आहे. 2023 साली इटलीतील माँतोने गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले, ही दखल मोलाची.

त्यांचा पुतळा माणगावात आहे. दिवा स्थानकाहून कोकणात रेल्वेने जाताना माणगाव लागते. एकदा उतरून जरूर पाहा.