उत्तेजनाचेही एक प्रमाण असते

मराठीत 'उत्तेजन' या शब्दाला दोन अर्थ आहेत. स्नेहसंमेलनात 'उत्तेजनार्थ' बक्षीस दिले जाते, तेथे त्याचा अर्थ प्रोत्साहन असा होतो. रुग्णाच्या 'उत्तेजित' अवस्थेविषयी डॉक्टर बोलतात, तेव्हा शरीरमनाची वाढलेली जागृती अभिप्रेत असते. अर्थशास्त्राने बहुतांशी पहिलाच अर्थ उचलला. लाभाची आशा अथवा तोट्याचे भय वाढवले की माणूस अधिक झटून आणि अधिक चांगले काम करतो, हे आमच्या शास्त्राचे जवळजवळ गृहीतकृत्यच आहे. शेतकऱ्याविषयीच्या चर्चेतही त्याचाच पडसाद उमटतो. कर्जमाफी दिली की तो आळसावतो, डोक्यावर बोजा असला की हातपाय हलवतो, असे जाणते लोकही बोलतात. या समजुतीची किंमत वऱ्हाड मोजीत असल्यामुळे ती तपासून पाहणे अगत्याचे आहे.

रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1908 साली उंदरांवर एक प्रयोग केला. दोन पेट्यांपैकी काळसर पेटीत शिरणाऱ्या उंदरास विजेचा धक्का बसे. पेट्यांच्या उजेडातील फरक ढोबळ असताना धक्का जितका तीव्र, तितका उंदीर लवकर शिके. फरक सूक्ष्म होताच मात्र मध्यम धक्काच उपयोगी ठरला आणि तीव्र धक्क्याने शिकणे मंदावले. पुढे 1955 साली डोनाल्ड हेब यांनी हेच सूत्र जागृतीला लावले. जागृती फार कमी असेल तर माणूस सुस्तावतो, फार वाढली तर गोंधळतो. उत्तम काम या दोहोंच्या मध्ये होते. काम जितके अवघड, तितका हा मध्य खाली सरकतो.

याचे मूळ मेंदूच्या रचनेत आहे. मोरुझ्झी आणि मॅगून यांनी 1949 साली दाखवून दिले की, मेंदूच्या देठातील पेशींच्या एका जाळ्यास सूक्ष्म विद्युत्प्रवाहाने चेतवले, तर मेंदूच्या तंद्रीतील संथ लहरी जागेपणीच्या द्रुत लहरींत पालटतात. याच देठात निळसर पेशींचा एक लहानसा पुंजका असून तो नॉरअ‍ॅड्रेनलिन हे द्रव्य मेंदूभर पुरवतो. हे द्रव्य माफक असले की कपाळामागील भाग, जो तुलना करतो, थांबतो, पुढचे पाहतो, तो तल्लख होतो. त्याचा पूर आला की तोच भाग मंदावतो आणि भय व सवय यांचा अंमल सुरू होतो. लक्ष आकुंचन पावते; समोरचे संकट तेवढे दिसते.

माणसांवरील पुरावाही आपल्याच देशातला आहे. मदुराईजवळच्या खेड्यांत डॅन एरिएली प्रभृतींनी लोकांना सहा खेळ खेळावयास दिले. प्रत्येक खेळाचे कमाल बक्षीस एका गटास 4, दुसऱ्यास 40 आणि तिसऱ्यास 400 रुपये होते. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सर्वांत मोठ्या बक्षिसाच्या गटाची कामगिरी सर्वांत वाईट ठरली. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात तमिळनाडूतील 464 ऊस उत्पादकांची बुद्धिचाचणी कापणीपूर्वी आणि कापणीनंतर घेण्यात आली. तेच शेतकरी पैशाची ओढाताण असताना कमी गुण मिळवीत आणि पीक हाती आल्यावर अधिक.

आता वऱ्हाडाकडे पाहू. वखरणी, निंदणी, वेचणी ही कष्टाची कामे आहेत; निकडीने ती कदाचित लवकर उरकतील. परंतु कोरडवाहू कापसाचे भवितव्य निर्णयांवर ठरते. मृगाचा पहिला पाऊस पडला, पेरावे की थांबावे? पावसाने खंड दिला, दुबार पेरणी करावी की पऱ्हाटी तगेल? बोंडअळी दिसली, आणखी एक फवारणी परवडेल काय? हे यर्क्सच्या सूक्ष्म फरकाचे प्रश्न आहेत. सोसायटीची थकबाकी, सावकाराचा तगादा आणि कृषिकेंद्राची उधारी डोक्यावर घेऊन आपण त्याच्याकडून त्यांची अचूक उत्तरे मागतो. चुकले की त्याच्या अज्ञानाला दोष देतो.

येथे आक्षेप येईल की, तोट्याचे भयच नाहीसे केले तर माणूस सुस्तावणार नाही काय? सुस्तावेल; सूत्राची ती बाजूही खरी आहे. पगाराची शाश्वती असलेल्या आम्हा प्राध्यापकांना हे कोणी निराळे सांगावयास नको. पण ज्याचे वर्षभराचे अन्न एका पावसावर टांगलेले आहे, तो त्या बाजूला उभा नाही. त्याला आणखी जागे करण्याची गरज नाही. रात्री तो जागाच असतो.

सरकारला हे अगदीच उमगले नाही असे नव्हे. 2006 साली केंद्राने अमरावती, अकोल्यासह विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तिचा भर व्याजमाफी, सिंचन इत्यादींवर होता. पुढे राज्याच्या आरोग्य विभागाने आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी 'प्रेरणा प्रकल्प' काढला. त्याआधी अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला होता. त्यात गावपातळीवर प्रशिक्षित केलेली माणसेच मानसिक आधार देत. नैराश्यग्रस्तांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण सुमारे दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. ही दोन नावे योगायोगाने पडली असतील, पण शास्त्राच्या दृष्टीने ती परस्परांना पूरक आहेत. विश्रामावाचून प्रेरणा टिकत नाही.

मात्र समुपदेशनाने कर्ज फिटत नाही. भयाचे मूळ अनिश्चिततेत आहे आणि ती कमी करणे हा अर्थकारणाचा विषय आहे. पीककर्ज मृगापूर्वी हाती पडावे, विम्याची भरपाई पुढच्या पेरणीआधी मिळावी, खरेदी केंद्रे वेचणीबरोबर उघडावीत. यांतील प्रत्येक गोष्ट आजवर रकमेच्या हिशेबात मोजली गेली; तिची तारीख तितकीच मोलाची आहे. जूनमध्ये मिळालेला रुपया निर्णय सुधारतो, ऑक्टोबरात मिळालेला तोच रुपया फक्त देणे भागवतो. वऱ्हाडच्या शेतकऱ्याला शहाणपण शिकवण्याच्या योजना पुष्कळ झाल्या. त्याच्यापाशी असलेले शहाणपण त्याला वापरता येईल इतकी स्वस्थता पेरणीच्या वेळी देणे, हे शासन, बँका आणि विमा कंपन्या यांचे आता पहिले कर्तव्य मानले पाहिजे.